विलायतेची वेस ओलांडली परदेशी श्वानांनी!

ब्रिटनचं ‘क्रफ्ट्स’ हे जगातलं सर्वात नामांकित श्वानप्रदर्शन. पण शंभर वर्षं तिथलं रिंगण फक्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुत्र्यांपुरतंच होतं. २००१ साली हे दार उघडलं आणि खाडीपलीकडचे श्वान करंडकावर हक्क सांगू लागले. त्यांना इतकी वर्षं अडवलं कोणी? आणि ते आल्यावर घरच्या कुत्र्यांचं काय झालं?

बक्षिसाची रक्कम ऐकली तर हसू येईल. क्रफ्ट्समध्ये ‘बेस्ट इन शो’ ठरलेल्या, म्हणजे हजारो कुत्र्यांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या श्वानाच्या मालकाला रोख मिळतात ते अवघे शंभर-दोनशे पौंड. सोबत करंडकाची प्रतिकृती. एवढ्यासाठी माणसं वर्षभर कुत्र्याला न्हाऊ-माखू घालतात, पहाटे उठून फिरवतात, केसांची निगा राखतात आणि मार्च महिना आला की बर्मिंगहॅमची वाट धरतात.

कारण इथे मोल पैशाचं नसून मानाचं आहे. चार दिवसांच्या या मेळ्यात अठरा-वीस हजार कुत्रे येतात आणि ते पाहायला दीड लाखाच्या घरात माणसं लोटतात. आधी प्रत्येक जातीतला उत्तम कुत्रा निवडतात. मग शिकारी, राखणदार, मेंढपाळी, टेरियर, खेळण्यासारखे छोटे अशा सात गटांतून एकेक विजेता निघतो आणि अखेरच्या रात्री या सातांतून एकाच्या गळ्यात माळ पडते. परीक्षक एका कुत्र्याची तुलना दुसऱ्याशी करत नाही. त्या जातीचा आदर्श नमुना कसा असावा, हे कागदावर लिहून ठेवलेलं असतं. डोकं, दात, पाठ, शेपूट, चाल, स्वभाव… सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. जो नमुन्याच्या सर्वात जवळ, तो श्रेष्ठ.

असा हा मान दीर्घकाळ घरातल्या घरातच वाटला जात होता. पॅरिस लंडनहून किती जवळ! पण पॅरिसमधला कितीही देखणा कुत्रा क्रफ्ट्सला जाऊ शकत नव्हता. गंमत म्हणजे यात प्रदर्शनवाल्यांचा काहीच दोष नव्हता. अडसर होता कायद्याचा, आणि कायद्यामागे होती एका रोगाची धास्ती.

बिस्किटवाल्याचा मेळा

या प्रदर्शनाला ज्याचं नाव मिळालं तो चार्ल्स क्रफ्ट ना कुणी सरदार होता ना शिकारी. तो कुत्र्यांची बिस्किटं विकायचा! जेम्स स्प्रॅट यांच्या प्रसिद्ध बिस्किट कंपनीत नोकरी करता करता मोठमोठ्या इस्टेटींवर त्याचं जाणं-येणं होऊ लागलं. श्वानशौकिनांची नस त्याला सापडली. १८७८ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातला श्वानविभाग उभा करण्याचं काम त्याच्याकडे आलं. १८८६ मध्ये त्यानं टेरियर जातीच्या कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं आणि १८९१ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या रॉयल अॅग्रिकल्चरल हॉलमध्ये स्वतःच्या नावाचा पहिला मेळा भरवला. खुद्द व्हिक्टोरिया राणीनं आपले कुत्रे त्यात उतरवले आणि प्रदर्शनाचा बोलबाला झाला. या गृहस्थाच्या स्वतःच्या घरी मात्र कुत्रा नव्हे, मांजर होती, असं सांगतात!

त्या सुरुवातीच्या काळात परदेशी कुत्र्यांना बंदी नव्हती. रशियाच्या झारच्या श्वानशाळेतले उंचेपुरे, रेशमी केसांचे बोर्झोई कुत्रेही इथे येऊन गेले. म्हणजे हे प्रदर्शन जन्मलं तेव्हा जगासाठी खुलंच होतं. त्याचं दार बंद झालं ते पुढे.

क्रफ्ट १९३८ मध्ये वारला. त्याच्या पत्नीनं काही काळ धुरा सांभाळली आणि मग प्रदर्शन ब्रिटनच्या केनेल क्लबकडे सोपवलं. महायुद्धानंतर, १९४८ मध्ये केनेल क्लबनं ते पुन्हा सुरू केलं. १९९१ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, ते लंडन सोडून बर्मिंगहॅमच्या प्रशस्त प्रदर्शन केंद्रात गेलं. एव्हाना त्याची कीर्ती सातासमुद्रापार पोहोचली होती. जगभरातले शौकीन यायचे, पाहायचे, पिल्लांची बोलणी करायचे. पण यायचे ते रिकाम्या हातांनी. स्वतःचा कुत्रा घरीच ठेवून!

सहा महिन्यांची कैद

‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो २०२० च्या कोरोनाकाळात. ब्रिटनमधल्या श्वानप्रेमींना तो शंभर वर्षं आधीच पाठ होता. कारण होतं रेबीज.

कुत्रा पिसाळणं म्हणजे काय, हे भारतीय वाचकाला वेगळं सांगायला नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतात होतात. ब्रिटननं मात्र कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती आणि बाहेरून येणाऱ्या प्राण्यांवर कडक पहारा यांच्या जोरावर १९०२ मध्येच या रोगाला हद्दपार केलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काही सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत आला आणि पुन्हा निपटून काढायला १९२२ साल उजाडलं. तेव्हापासून नियम पक्का झाला. बाहेरून येणारा कुत्रा, मग तो कुणाचाही असो, सहा महिने सरकारमान्य श्वानगृहात बंद!

सहा महिने म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यातला केवढा मोठा काळ! मालकानं भेटायला जायचं ते ठरल्या वेळी, जाळीच्या त्या बाजूला. खर्च दीड-दोन हजार पौंडांच्या घरात. चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी कोण ही कैद पत्करणार?

बड्या मंडळींनी यावर नाना तोडगे काढले. हॉलिवूडची तारका एलिझाबेथ टेलर आणि तिचा नवरा रिचर्ड बर्टन यांनी १९६८ मध्ये चक्क एक नौका भाड्यानं घेऊन लंडनच्या थेम्स नदीत उभी केली. कुत्रे नौकेवर राहिले. त्यांनी ब्रिटनच्या भूमीवर पाऊलच टाकलं नाही, तेव्हा कायदा मोडायचा प्रश्नच नव्हता! १९९७ मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात गेल्यावर अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन मायदेशी निघाले. त्यांच्या ‘व्हिस्की’ आणि ‘सोडा’ या लाडक्या कुत्र्यांची रवानगी मात्र फ्रान्सला झाली.

पण ज्यांच्याकडे नौका नव्हती त्यांचं काय? परदेशी नेमणुकीवरून परतणारे सैनिक, वकिलातीतले कर्मचारी यांच्या घरात मुलांची रडारड व्हायची. फ्रान्समधल्या माजी ब्रिटिश राजदूतांच्या पत्नी लेडी मेरी फ्रेटवेल यांनी ‘पासपोर्ट्स फॉर पेट्स’ ही मोहीम उघडली ती यातूनच. रोग रोखायला विरोध नाही, पण त्यासाठी निरोगी कुत्र्याला कैद कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

कोंबडीच्या मुंडक्यात लस

या सवालाला बळ दिलं ते विज्ञानानं. केवळ कोंडून ठेवणं म्हणजे पक्की हमी नव्हे, हे १९६९ मध्येच दिसलं होतं. जर्मनीहून आणलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा क्वारंटाइनचा पूर्ण काळ काढून बाहेर पडला आणि सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे पिसाळला. रेबीजचा विषाणू शरीरात महिनोन् महिने दबा धरून बसू शकतो, त्याचं हे उदाहरण. त्या वेळी परिसरातल्या रानातले कोल्हे आणि इतर जनावरंही मारून टाकण्यात आली.

दुसरीकडे युरोपात एक वेगळाच प्रयोग सुरू होता. तिथे रेबीज पसरवण्यात मोठा वाटा होता कोल्ह्यांचा. कोल्हे मारून रोग संपेना. मग १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्यात आली. कोल्हा मुंडकं खाई आणि आपसूक लस घेई! पुढे कारखान्यात तयार केलेली आमिषं आली, ती विमानातूनही टाकली जाऊ लागली. दोन दशकांत पश्चिम युरोपातला रेबीज ओसरत गेला. ज्या शेजाऱ्याच्या भीतीनं ब्रिटननं कवाडं लावली होती, त्या शेजाऱ्याच्या घरातला रोगच हटला.

१९९४ मध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून ब्रिटन फ्रान्सशी जोडलं गेलं. १९९८ मध्ये प्राध्यापक इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं सरकारला सांगितलं की, लस आणि रक्ततपासणीची जोड दिली तर सरसकट क्वारंटाइनची गरज नाही. २८ फेब्रुवारी २००० रोजी ‘पेट ट्रॅव्हल स्कीम’ सुरू झाली. खाडी ओलांडून आलेल्या पहिल्या मानकऱ्यांत एक पग होता, नाव फ्रोडो बॅगिन्स!

ही योजना म्हणजे खैरात नव्हती. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवायची, म्हणजे एकाच्या कागदपत्रांवर दुसरा जाऊ शकत नाही. मग रेबीजची लस. मग रक्त तपासून लस खरोखर लागू पडली का, याची खातरजमा. त्यानंतर सहा महिने थांबायचं, पण ते स्वतःच्या घरी. आणि निघण्यापूर्वी गोचीड व पट्टकृमींवर औषध. पहारा उठला नव्हता. तो बंदरावरून कुत्र्याच्या रक्तापर्यंत पोहोचला होता.

पहिल्याच वर्षी विघ्न

ठरल्याप्रमाणे मार्च २००१ मध्ये परदेशी कुत्रे क्रफ्ट्सच्या रिंगणात उतरायचे. तयारी झाली, आणि ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकुताची भयंकर साथ आली! हा रोग कुत्र्यांना होत नाही, पण माणसांच्या बुटांना आणि कुत्र्यांच्या पंजांना लागलेल्या चिखलातून तो एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाऊ शकतो. प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं. अखेर ते मे महिन्यात भरलं आणि परदेशी श्वानांनी पहिल्यांदाच रीतसर हजेरी लावली. करंडक मात्र ब्रिटनमध्येच राहिला. एका बसेंजी कुत्र्यानं तो जिंकला.

पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, स्कँडिनेव्हियातून आलेल्या ‘टॉपस्कोअर काँट्रॅडिक्शन’ या स्टँडर्ड पूडलनं बाजी मारली. क्रफ्ट्सच्या इतिहासातला हा पहिला परदेशी विजेता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिका आणि कॅनडाचे कुत्रेही योजनेत आले. २००९ मध्ये अमेरिकेचा सीलिहॅम टेरियर, २०१५ मध्ये रशियन मालकिणीची स्कॉटिश टेरियर, २०१९ मध्ये बेल्जियमचा पॅपिलाँ, २०२२ मध्ये नॉर्वेचा फ्लॅटकोटेड रिट्रीव्हर, २०२३ मध्ये क्रोएशियाहून आलेली लागोट्टो जातीची कुत्री, २०२५ मध्ये इटलीची व्हिपेट… मानकऱ्यांची यादी वाढत गेली. चाळीसहून अधिक देशांतले तीन हजारांवर कुत्रे एकेका वर्षी येऊ लागले.

‘आपल्या घरचं कार्य, आणि अहेर पाहुण्यांना?’ अशी कुरकुर ब्रिटनमध्ये झालीच. ती समजण्यासारखी होती. ब्रिटनमध्ये बहुतेक मालक आपला कुत्रा स्वतःच रिंगणात फिरवतात. अमेरिकेत हे काम करणारे पगारी, कसलेले ‘हँडलर’ असतात. हौशी घरमालकासमोर असा सराईत खेळाडू उभा राहिला तर सामना बरोबरीचा कसा?

२०१५चं गालबोट

दोन रिवाज शेजारी आले की ठिणग्या उडतात. २०१५ मध्ये त्या दिसल्या. स्कॉटिश टेरियरला तिच्या अमेरिकन हँडलरनं शेपटीला आणि गळ्याखाली धरून उचललं. अमेरिकेत टेरियर उचलण्याची ही रीत रूढ असली तरी दूरदर्शनवर ते पाहणारे ब्रिटिश प्रेक्षक भडकले. एक लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. हँडलरला माफी मागावी लागली.

त्याच वर्षी बेल्जियमहून आलेला ‘जॅगर’ हा आयरिश सेटर प्रदर्शनाहून घरी परतल्यावर विषबाधेनं मेला. प्रतिस्पर्ध्यानं विष घातलं, अशी आवई जगभर उठली. शवविच्छेदनानंतर वेगळंच निघालं. विष झटपट परिणाम करणारं होतं. वेळेचा हिशेब पाहता ते क्रफ्ट्समध्ये त्याच्या पोटात गेलेलं असणं शक्य नव्हतं, असं केनेल क्लबनं जाहीर केलं. संशयाला मात्र पारपत्र लागत नाही, हे सगळ्यांना कळलं.

पाहुण्यांना यजमानांचे नियमही पाळावे लागतात. कान कापून टोकदार केलेले कुत्रे ब्रिटनच्या रिंगणात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्ज्य आहेत. एप्रिल २००७ नंतर शेपूट छाटलेला कुत्राही अशा तिकीट लावलेल्या प्रदर्शनात उतरवता येत नाही. ज्या देशांत शेपूट छाटायची प्रथा चालू होती, तिथल्या प्रजननकारांनाही क्रफ्ट्ससाठी पिल्लांची शेपटं शाबूत ठेवणं भाग पडलं. याला राजकारणाची झळही लागली. युक्रेनवर हल्ला झाल्यावर २०२२ मध्ये रशियातल्या स्पर्धकांना प्रवेश नाकारण्यात आला.

घरचं कोण, परकं कोण?

आता विजेत्यांची यादी पुन्हा पाहा. अमेरिकेनं जिंकलं ते सीलिहॅम टेरियरच्या जोरावर. ही जात मूळची कुठली? वेल्सची! रशियन मालकिणीची टेरियर स्कॉटलंडच्या जातीची. नॉर्वेचा फ्लॅटकोटेड रिट्रीव्हर आणि इटलीची व्हिपेट या दोन्ही जाती अस्सल इंग्लंडच्या. म्हणजे परदेशी पाहुणे आले ते बऱ्याचदा ब्रिटनचंच वाण घेऊन!

उलट ब्रिटनच्या घरच्या विजेत्यांचं मूळ शोधा. २००१ चा बसेंजी आफ्रिकेतला. २००३ चा पेकिनीज चीनचा. २००७ चा टिबेटन टेरियर आणि २०१२ चा ल्हासा अॅप्सो तिबेटचे. २००८ चा जायंट श्नाउझर जर्मनीचा. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यानं बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा तिथले पेकिनीज उचलून आणले. त्यातली एक कुत्री व्हिक्टोरिया राणीला भेट गेली, तेव्हा तिचं नाव ठेवलं होतं ‘लूटी’! अफगाण हाउंड ब्रिटनमध्ये गाजला तो भारतातून नेलेल्या ‘झरदीन’ या कुत्र्यामुळे, १९०७ मध्ये. जगभरच्या जाती घरी आणायच्या आणि जगभरचे कुत्रे मात्र बाहेर ठेवायचे, असा हा शंभर वर्षांचा मामला होता.

सीलिहॅमची कथा तर डोळे उघडणारी. ब्रिटनमध्ये या जातीची पिल्लं इतकी कमी जन्मू लागली की केनेल क्लबला ती धोक्यात असलेल्या देशी जातींच्या यादीत घालावी लागली. आपल्याच घरी विसरलेलं वाण अमेरिकेनं जपलं आणि २००९ मध्ये ते बर्मिंगहॅमला आणून करंडक नेला. हा घरच्यांचा पराभव म्हणायचा की घरच्या वाणाचा विजय?

दार उघडल्याचा आणखी एक फायदा रिंगणाबाहेरचा. एकाच बेटावर, त्याच त्या घराण्यांत संबंध जुळवत राहिलं तर आनुवंशिक रोग बळावतात. आपल्याकडे सगोत्र टाळण्यामागे जो विचार सांगितला जातो, तोच इथेही लागू. परदेशी नर-मादी ये-जा करू लागल्यावर नवं रक्त मिळवणं सोपं झालं. आणि ज्याची भीती होती तो रेबीज? लस आणि तपासणीच्या चाळणीतून येणाऱ्या कुत्र्यांबरोबर तो शिरला नाही. २००८ मध्ये श्रीलंकेहून आणलेलं एक पिल्लू रेबीजनं मेलं खरं, पण ते क्वारंटाइनमध्येच. ज्यांची कागदपत्रं पुरी नाहीत, त्यांच्यासाठी जुनी व्यवस्था शाबूत होती आणि तिनं आपलं काम केलं.

आपला मुधोळ कधी?

मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडची शिकारी कुत्र्यांची जोडी ब्रिटनचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिल्याचं सांगितलं जातं. कारवानी, मुधोळ अशा नावांनी महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात ओळखला जाणारा हा सडपातळ, वाऱ्याशी स्पर्धा करणारा कुत्रा. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं. पण ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मान्य जातींत त्याचं नाव नाही आणि ज्याचा नमुना कागदावर नाही त्याला क्रफ्ट्सच्या करंडकासाठी उतरता येत नाही. वेल्सच्या सीलिहॅमला अमेरिकेत वाली मिळाला. मुधोळला तो आधी घरी मिळायला हवा. चांगल्या वंशावळीची नोंद, निरोगी पैदास आणि परदेशी जातीच्या पिल्लापुढे आपल्या कुत्र्याला कमी न लेखणारा मालक, एवढं जमलं तर विलायतेची वेस फार लांब नाही.

चौकट : कुत्रा विलायतेला न्यायचा तर…

• आधी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. क्रम चुकला तर लस धरली जात नाही.
• लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच.
• भारतातून जाणाऱ्या कुत्र्यासाठी रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबावं लागतं.
• ब्रिटनमध्ये पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून पट्टकृमींवर औषध.
• विमानानं ब्रिटनमध्ये जाणारा कुत्रा मालवाहतुकीतून, ठरलेल्या मार्गानंच जातो.
• नियम बदलत असतात. तिकीट काढण्यापूर्वी पशुवैद्य आणि विमान कंपनीकडे खात्री करून घ्यावी.
• कुत्रा घरीच राहणार असला तरी रेबीजची लस दरवर्षी पशुवैद्याला विचारून वेळेवर द्यावी. कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.